चालतो, एक दोष आहे

आमच्या गावच्या जुन्या वस्तूंच्या हॉलमध्ये कुणाला कुणाशी बोलावं लागत नाही, म्हणून तो हॉल गावाचा लाडका. आठवड्यासाठी टेबल भाड्यानं घ्यायचं, घरातलं नकोसं झालेलं मांडायचं, प्रत्येक वस्तूला टेबलाचा नंबर आणि किंमत लिहिलेली चिठ्ठी डकवायची आणि आपल्या घरी जाऊन बसायचं. घेणारा वस्तू उचलून गल्ल्यावर आणतो, मी पैसे घेते. घासाघीस करायची तर करणार कुणाशी? शनिवारी विकणाऱ्याच्या मनात आलं तर तो चिठ्ठीवर लाल ठिपका लावतो, म्हणजे अर्धी किंमत. विकलेला माल परत नाही. आणि कुठलं टेबल कुणाचं, हे मी कुणाला सांगायचं नाही.

मी म्हणजे तुइया. गल्ला माझा, कॉफीची किटली माझी, दालचिनीचे पुल्लापावही मीच भाजते. बावीस वर्षांत मी हा शेवटचा नियम एकदाही मोडला नाही. त्याच्या आजूबाजूने फिरले असेन. त्याचीच ही गोष्ट.

ऑक्टोबरच्या शेवटच्या सोमवारी, हॉल उघडायच्या आधी, ओइवा आला. सरोवरातल्या बोटीवर चाळीस वर्षं इंजिन सांभाळलेला माणूस. घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी त्यानं नवजात वासरासारखं कवेत धरलं होतं. अठ्ठेचाळीस नंबरच्या टेबलावर त्यानं ते उतरवलं, घोंगडी बाजूला केली. आतून कॉम्प्युटरचा मॉनिटर निघाला. हा एवढा रुंद! आमच्या चर्चच्या खिडक्याही त्याहून अरुंद आहेत.

"चालतो का रे?" मी विचारलं.

"चालत नाही असं म्हणता यायचं नाही."

"मग विकतोस कशाला?"

"ठेवला असता तरी बिघडलं नसतं म्हणा. नाही ठेवला तरी चालेल."

ओइवा सावो मुलखातला. मीही सावोचीच, त्यामुळे मला एवढं उत्तर पुरलं. आमच्याकडे सरळ उत्तर देणं म्हणजे पाहुण्याला दारातूनच वाटेला लावल्यासारखं वाटतं. त्यानं बोटभर चिठ्ठी घेतली, पेन्सिल ओली केली आणि लिहिलं: २५ युरो. चालतो. एक दोष आहे. पुढे लिहायला जागा उरली नव्हती. उरली असती तरी त्यानं लिहिलं असतं असं नाही.

अकरा वाजता हेल्का आली.

हेल्का एकाहत्तर वर्षांची. चाळीस वर्षं ती हातमोज्यांचे नमुने काढते आहे. एकटा अंगठा वेगळा आणि बाकी चार बोटं एका घरात, तसले आपले थंडीचे हातमोजे. चौकटीचा कागद, एक चौकट म्हणजे एक टाका. हल्ली ती हे छोट्या लॅपटॉपवर करते आणि नाक स्क्रीनला टेकवून बसते. वसंतात तिनं जांभळाच्या डहाळीचा नमुना काढला. देखणा! लोकरीच्या दुकानवाल्या राकेलनं तो छापला, शेकडो बायकांनी विणायला घेतला, आणि मग राकेलचा फोन थांबेना. हेल्कानं डाव्या हाताचा मोजा काढला होता आणि उजव्याच्या जागीही डावाच. अंगठा दोन्हीकडे एकाच बाजूला. एका घरातून तर निरोप आला, "आमच्याकडे आता चार डावे हात झालेत, आणखी माणसं कुठून आणू?"

माझ्या हातातही तेच मोजे आहेत. विणून पुरे होईपर्यंत मलाही कळलं नव्हतं. तेव्हापासून माझा उजवा अंगठा तळहाताच्या मागे जागा शोधत फिरतो.

राकेल ओरडली वगैरे नाही. आमच्याकडे कुणी ओरडत नाही. ती एवढंच म्हणाली, "हिवाळ्याचा नमुना पुढच्या शुक्रवारी हवा, हेल्का. आणि त्यानंतरच्यासाठी दुसऱ्या कुणाला विचारून बघू का?" चाळीस वर्षांच्या कामाला एवढं वाक्य पुरतं. हेल्कानं ते मला सांगितलं तेव्हा ती कॉफीत साखर ढवळत होती, आणि हेल्का साखर घेत नाही.

तर अकरा वाजता ती त्या मॉनिटरसमोर उभी राहिली. आधी दुरून पाहिला. मग जवळून. मग चिठ्ठी वाचली, दोनदा, आणि माझ्याकडे वळली.

"तुइया, दोष कोणता?"

"मला काय ठाऊक!" तेव्हा खरंच ठाऊक नव्हतं.

"कुणाचं टेबल आहे?"

"हेल्का."

"बरं बरं. नियम." तिनं चिठ्ठीवर बोट आपटलं. "पण हे काय लिहिणं झालं? दोष आहे म्हणे! नवऱ्याबद्दल सांगावं तसं."

हेल्का पोह्यान्माची, सपाट मुलखातली. तिकडची शेतं सरळ, रस्ते सरळ आणि बोलणं फळीसारखं. पंचेचाळीस वर्षं आमच्यात राहून फळी वाकलेली नाही. आणि तिला जी वस्तू घ्यायची तिची ती अशी उलटतपासणी करते की वस्तूलाच लाज वाटावी. एकदा तिनं कॉफीची किटली नाकारली, कारण झाकण करकरत होतं. मी म्हटलं, थेंबभर तेल घाल. ती म्हणाली, "करकर मला कळली ना आता. मला रोज ऐकू येणार."

मंगळवारी ती लॅपटॉप घेऊन आली. गल्ल्याजवळ वस्तू लावून बघायला एक प्लग आहे. मी मॉनिटर तिथे आणून ठेवला. वायर जुळेना. एकशे बारा नंबरच्या टेबलावर पेटीभर वायरी होत्या. त्यातली सातवी बसली. मॉनिटर उजळला आणि हॉलभर पांढरा उजेड पडला, चिनी मातीच्या कपबशा लकाकल्या. हेल्काचा हात आपसूक गळ्यापाशी गेला. तिनं जांभळाची डहाळी उघडली. एकेक चौकट करंगळीच्या नखाएवढी झाली होती.

मग तिनं स्क्रीन पांढरी केली, काळी केली, लाल, हिरवी, निळी. पर्समधून विणायची सुई काढली आणि वरच्या डाव्या कोपऱ्यापासून ओळीमागून ओळ, सुईचं टोक काचेपासून केसभर दूर ठेवून, पुढे नेत गेली. ती मॉनिटर तपासत नव्हती, त्याचे टाके मोजत होती. कुठे मेलेला ठिपका, कुठे ओळ, कुठे सावली? मी किटली घासत माझ्या आईची ओळ गुणगुणत होते:

पहिली गं सुई, घेते धाग्याला जवळ,
दुसरीला कळ, काढवेना.

दहा मिनिटांनी हेल्कानं सुई खाली ठेवली. "सापडत नाही."

"मग चांगलंच आहे की!"

"चांगलं कसलं? सापडलेला दोष निदान माझा होतो. हा अजून विकणाऱ्याचाच आहे." तिनं चेहरा पुसला. "उद्या नमुन्याच्या मध्येच ओळी हलायला लागल्या तर? पुन्हा अंगठा चुकला तर राकेल काय म्हणेल?"

"विचार ना त्यालाच. चिठ्ठी लिही, मी टेबलावर ठेवते. चिठ्ठीला नियम नाही."

तिनं लिहिलं: दोष कोणता?

बुधवारी सकाळी ओइवानं चिठ्ठी वाचली, डोकं खाजवलं आणि खाली लिहिलं: लहान आहे.

अकरा वाजता हेल्कानं ते वाचलं. "सावोचा आहे!" ती म्हणाली, आणि मी नियमाप्रमाणे छताकडे पाहिलं. तिनं नवी चिठ्ठी लिहिली: आकार विचारला नव्हता, नाव विचारलं होतं.

गुरुवारी ओइवा ही चिठ्ठी घेऊन माझ्याकडे कॉफी प्यायला बसला. "कोण आहे गं ही?"

"बाई आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"पुरुषानं 'कितीला द्याल' विचारलं असतं." तो हसला. मग त्यानं अर्धा तास पेन्सिल चावली, एक आख्खा पुल्ला संपवला, आणि कागदाच्या दोन्ही बाजू भरून उत्तर लिहिलं. सावोच्या माणसानं! दोष काय, कसा, किती, सगळं नीट. चिठ्ठी माझ्या हातात देऊन तो गेला.

मी ती वाचली. वाचू नये असा नियम नाही. आणि वाचून मी ती ॲप्रनच्या खिशात घातली.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हा काय आगाऊपणा? पण तुम्ही हेल्काला किटली नाकारताना पाहिलेलं नाही. नाव कळलेला दोष तिला रोज ऐकू येतो. मॉनिटर तर उत्तम होता, मी पाहिलं होतं तिचा हात गळ्यापाशी गेलेला. आणि माझ्या हातात दोन डावे मोजे होते. दोष काय होता ते मी तुम्हालाही आत्ता सांगत नाही; तुम्हीही उठून जाल.

"उत्तर आलं?" अकरा वाजता हेल्कानं विचारलं.

"पुल्ला घेतेस? गरम आहे."

खोटं बोलले नाही मी. तिनं अठ्ठेचाळीस नंबरपाशी जाऊन चिठ्ठीसाठी टेबल चाचपलं, ओठ आवळले, इकडे तिकडे पाहिलं. मग मॉनिटर उचलला आणि एकसष्ट नंबरच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या सतरंज्यांच्या ढिगात घालून वर एक निळी सतरंजी ओढली. शनिवारच्या लाल ठिपक्यापर्यंत कुणी नेऊ नये म्हणून. हे पाप आमच्या गावात सगळे करतात. पाद्रीबाईंनी एकदा अख्खी आरामखुर्ची लपवली होती.

शुक्रवारी सकाळी ओइवाला टेबलावर मॉनिटर दिसला नाही. विकला गेला समजून माझ्याकडे आला, मी नाही अशी मान हलवली. मग तो हॉलभर वाकून वाकून फिरला, आणि सतरंज्यांतून वर आला तेव्हा त्याचं वय वीस वर्षांनी उतरलं होतं. मॉनिटर जागेवर ठेवून त्यानं २५ खोडलं, २६ केलं आणि चिठ्ठी लावली: एवढं सगळं लिहून कळवलं तरी लपवलात, म्हणजे आवडला वाटतं. वाकण्याचा एक युरो वाढवला आहे.

हेल्का वाचून लाल झाली. "एवढं सगळं? दोन शब्द लिहिले आणि म्हणे एवढं सगळं! आणि किंमत वाढवली! तुइया, अशी कुठे किंमत वाढवतात का?"

"नियमात बसतं."

"तुझे नियम म्हणजे ना..." तिनं पुन्हा इकडे तिकडे पाहिलं. या खेपेला नऊ नंबरवरच्या मोठ्या आरशाच्या मागे. मी पाठ करून कप पुसत होते. आरशात मला तीच दिसत होती, एकाहत्तर वर्षांची, मॉनिटर ढकलताना जीभ दातांत धरलेली.

शनिवारी पहाटे पातळ बर्फ पडला. ओइवानं आरशामागून मॉनिटर काढला आणि लिहिलं: छान जागा. २७. लाल ठिपका लावला नाही. ठिपक्यांचा कागद त्याच्या हातात होता. मी पाहिलं, तो चिकटवता चिकटवता थांबला आणि कागद खिशात घालून गेला.

हेल्का त्या दिवशी दहालाच आली. पण तिच्या आधी एक तरुण जोडपं अठ्ठेचाळीसपाशी उभं होतं. मुलाच्या हातात मोजपट्टी, मुलीच्या हातात मोबाइल. "सत्तावीस इंच, सत्तावीस युरो," मुलगा म्हणाला, "इंचाला एक युरो पडतो बघ!" त्यानं मॉनिटर उचलला सुद्धा.

हेल्का दोन पावलांवर उभी होती. दुसऱ्याच्या हातातली वस्तू आपली म्हणायची हिंमत आमच्याकडे कुणात नसते, सपाट मुलखातल्यांतही. तिनं पर्समधली सुई बाहेर काढली. मला तिच्या चेहऱ्यावर राकेलचं वाक्य दिसत होतं, अक्षरन् अक्षर.

तेवढ्यात मुलीनं चिठ्ठी वाचली. "थांब, एक दोष आहे म्हणतात." आणि हेल्काकडे वळून नम्रपणे विचारलं, "माफ करा, तुम्हाला माहितीय का, याला काय झालंय?"

मी किटली खाली ठेवली. हेल्का काहीही म्हणू शकली असती. जळका वास येतो. रात्री आपोआप पेटतो. पण ती हेल्का होती.

"माहीत नाही," ती म्हणाली. "पाच दिवस शोधतेय. सुईनं शोधला. अजून सापडला नाही."

जोडपं तिच्याकडे बघत राहिलं. मग मॉनिटरकडे. मग तिच्या हातातल्या विणायच्या सुईकडे. मुलानं मॉनिटर अंडी ठेवावीत तसा खाली ठेवला. "पाच दिवस," तो हळूच म्हणाला. दोघं कपबशांकडे गेली, तिथून दरवाज्याकडे, आणि बाहेर पडल्यावर त्यांची चाल वाढलेली मला खिडकीतून दिसली.

हेल्का थक्क होऊन उभी होती. "मी तर खरंच सांगितलं."

"त्याचीच भीती वाटली त्यांना," मी म्हटलं. "घेतेस की पुन्हा आरशामागे ठेवतेस?"

तिनं दोन्ही तळवे मॉनिटरवर ठेवले, ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावेत तसे. "वाईट असला तर?"

"तर तुझ्या घरी एक वाईट मॉनिटर असेल. लॅपटॉप तर वाईट आहेच."

सत्तावीस युरो मोजून तिनं तो ढकलस्लेजवर, पायानं रेटायच्या बर्फगाडीवर, बांधला. पातळ बर्फात पात्यांच्या दोन रेघा उमटल्या आणि मधे तिच्या बुटांचे ठसे, घाईघाईचे.

सोमवारी सकाळी नऊला ओइवा टेबल आवरायला आला होता. उरलेली हातोडी आणि दोन थर्मास पिशवीत भरत होता. दार धाडकन उघडलं. हेल्का! इतक्या लवकर ती कधी उठत नाही असा माझा बावीस वर्षांचा समज होता.

"तुइया! सापडला!" ती दारातूनच म्हणाली. "बसतो तो! खाली बसतो! वर उंच लावला की तासाभरात हळूहळू, हळूहळू, प्रवचनात म्हातारा पेंगावा तसा! दहा मिनिटं उभं राहून बघितलं तर कसा कळणार? सांग तुझ्या त्या अठ्ठेचाळीसवाल्याला, की..."

"मी लिहिलं होतं ना," ओइवा म्हणाला. हातात हातोडी तशीच.

हेल्का वळली. दोघांनी एकमेकांना पाहिलं. तिच्या बोलण्यावरून, त्याच्या उत्तरावरून दोघांनाही काय ते कळलं.

"कधी लिहिलंत?"

"गुरुवारी. दोन्ही बाजूंनी."

"मला मिळालं नाही."

आणि दोघं एकदमच माझ्याकडे वळली. मी ॲप्रनच्या खिशातून चिठ्ठी काढली. तिला दालचिनी लागली होती. हेल्कानं ती नाकापाशी धरून मोठ्यानं वाचली:

"पाय ढिला आहे. वर केला की तासाभरात खाली बसतो. मग उठून पुन्हा वर करावा लागतो. मला उठायचा कंटाळा येतो, कारण मीही तसाच झालोय. चित्र स्वच्छ आहे, डोळ्यांना त्रास नाही. तुम्ही तरुण असाल तर काहीच अडचण नाही." तिनं चष्म्यावरून ओइवाकडे पाहिलं. "तरुण!"

"अक्षर ठसठशीत होतं तुमचं," ओइवा पुटपुटला.

"आणि तू गं?" हेल्का माझ्यावर आली. "का दाबून ठेवलीस?"

"गुरुवारी वाचली असतीस तर घेतला असतास का?"

हेल्का पोह्यान्माची. तिनं खरं उत्तर दिलं. "नाही."

"मग?"

तिनं चिठ्ठीची घडी घातली. मग खुर्ची ओढून बसली आणि आवाज खाली आणला. "काल दिवसभर बसले. तो खाली बसला की मी उठून वर करायची. तिसऱ्यांदा उठले, दोन पावलं मागे सरले, आणि दोन्ही मोजे एकदम समोर दिसले, पूर्णच्या पूर्ण. उजव्याचा अंगठा," तिनं आपला उजवा हात वर धरला, "पुन्हा डाव्यासारखाच. नाक टेकवून बसलेली असते तर गेलाच असता तसा राकेलकडे."

ओइवानं हातोडी पिशवीत ठेवली. "म्हणजे मी किंमत कमी लावली."

"हॉलभर वाकलात, दोनच युरो वाढवलेत," हेल्का म्हणाली. "त्याच्या पायाला लाकडाची पाचर मारता येईल का?"

"येणार नाही असं म्हणता यायचं नाही."

"मारू नका," ती म्हणाली. "बसू दे त्याला. पण येऊन बघून जा, एकदम धपकन बसायला लागला तर."

शुक्रवारी नमुना राकेलकडे गेला. राकेलनं स्वतः विणून पाहिला, दोन्ही हात घालून पाहिले, अंगठे हलवून पाहिले. मग फोन केला आणि म्हणाली, "वसंताचा केव्हा देतेस?" आमच्याकडे याला कौतुक म्हणतात.

तीन आठवड्यांनी हेल्का हॉलमध्ये आली आणि माझ्या गल्ल्यावर कागदात बांधलेली पुडी ठेवली. ओइवा तिच्या मागे उभा होता, टोपी हातात, चेहरा कोरा. सावोचा माणूस असा कोरा चेहरा करतो तेव्हा काहीतरी शिजत असतं.

"माझ्यासाठी?" मी पुडी सोडली. आत जांभळाच्या डहाळीचे हातमोजे. तोच निळा, तोच हिरवा, पण नमुना दुरुस्त केलेला, चौकट चौकटीवर, पानाला पान. मी उजवा घातला. अंगठा आपल्या घरी गेला. सहा महिन्यांचा प्रवासी. डोळे भरून आले माझे. मग दुसरा घातला.

तो बसेना. मी उलटा केला, सुलटा केला. मग दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

दोन्ही उजवे.

"हेल्का!"

"एक दोष आहे," ती शांतपणे म्हणाली. "लहान आहे."

ओइवा खिडकीकडे वळून खांदे हलवत होता. मी खिशातून माझे जुने दोन डावे काढले आणि गल्ल्यावर चारही मांडले. डावा, उजवा. डावा, उजवा. दोन पुरे जोड झाले.

मी दोघांनाही कॉफी ओतली. पुल्ले मात्र थंड दिले.